'हार्बर': बंदर, आसरा आणि गुन्हा

शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न बहुधा शाळेच्या वर्गात उपस्थित होतो आणि शब्दकोश मिटला की तोही मिटतो. परंतु काही शब्द वर्गात थांबत नाहीत. ते कचेरीत शिरतात, पोलीस ठाण्याच्या कागदावर उमटतात, न्यायालयात उच्चारले जातात आणि मग त्यांच्या अर्थावर एखाद्या माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून राहते. इंग्रजीतील 'हार्बर' हा असाच एक शब्द आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपुरात त्याची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, नागपुरात हा शब्द गलबतांबरोबर आलेला नाही. तो कायद्याबरोबर आला आहे आणि म्हणूनच त्याची ओळख येथे अधिक काळजीने करून घेतली पाहिजे.

विद्यार्थी या शब्दाचा अर्थ 'बंदर' असा पाठ करतो. मुंबई हे नैसर्गिक बंदर आहे, हे वाक्य भूगोलाच्या तासाला पाठ न केलेला मराठी मुलगा विरळा. मुंबईकराला त्यात काहीच अडचण वाटत नाही. बोरीबंदर, मशीदबंदर ही नावे त्याच्या रोजच्या बोलण्यातली, आणि 'हार्बर' म्हणजे तर त्याच्या दृष्टीने लोकलगाडीचा एक मार्ग. नागपूरच्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याच्या गल्लीत मराठी आणि हिंदी शेजारी नांदतात. 'बंदर' म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे आधी माकड उभे राहते. मग गुरुजींना सांगावे लागते की हिंदीतले बंदर 'वानर' या संस्कृत शब्दावरून आले, आणि गलबते उभी राहतात ते बंदर फारसीतून आले. येथवर सारे सरळ आहे. पंचाईत पुढे होते. इंग्रजी वृत्तपत्रात अमक्याने गुन्हेगाराला 'हार्बर' केले, तमक्याने मनात द्वेष 'हार्बर' केला, एखाद्या कंपनीला 'सेफ हार्बर' मिळाले, असे वाचले म्हणजे पाठ केलेले बंदर उपयोगी पडत नाही.

कारण मूळ शब्दात समुद्र नव्हताच. प्राचीन इंग्रजीत 'हेरे' म्हणजे सैन्य आणि 'बेओर्ग' म्हणजे संरक्षण. या दोहोंच्या जोडणीतून सैन्याच्या मुक्कामाची सुरक्षित जागा असा अर्थ निघाला. जर्मन भाषेत धर्मशाळेसारख्या उतरण्याच्या जागेला 'हेरबेर्गे' म्हणतात. फ्रेंचांची 'ओबेर्ज' आणि इटालियनांचे 'आल्बेर्गो' हीही याच घराण्यातली. सैन्याचा तळ, मग वाटसरूचा मुक्काम, मग कोणाचाही निवारा, असा हा अर्थाचा प्रवास आहे. वादळातून सुटलेल्या जहाजाला जेथे निवारा मिळतो तो जलाशयही पुढे 'हार्बर' ठरला, आणि कालांतराने हा उपअर्थच मुख्य होऊन बसला. 'हार्बिंजर' हा शब्दही येथलाच. तो मुळात स्वाऱ्यांच्या पुढे जाऊन मुक्कामाची व्यवस्था लावणारा माणूस होता. मराठी फौजेतील बिनीवाल्यांची आठवण व्हावी असा. आज मात्र त्याच्याकडून तंबू ठोकण्याचे काम गेले आणि भावी घटनेची वर्दी देण्याचे काम राहिले.

हे मूळ ध्यानात घेतले म्हणजे 'पोर्ट' आणि 'हार्बर' यांतील भेदही उलगडतो. 'पोर्ट' हा लॅटिन शब्द. त्याचे नाते दाराशी आहे. माल जेथून आत येतो आणि बाहेर जातो ते पोर्ट. 'हार्बर' म्हणजे जेथे जहाजाला वाऱ्यालाटांपासून अभय मिळते ती जागा. एक व्यापाराचा शब्द आहे, दुसरा अभयाचा. मराठीत दोहोंना बंदर म्हणूनच भागते आणि त्यात काही बिघडत नाही. परंतु नागपुरात याचा एक मौजेचा दाखला मिळतो. अजनीला कंटेनर डेपो आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सिंदी येथील प्रकल्पाला 'ड्राय पोर्ट' असे नाव मिळाले आणि मराठीत त्याचे 'कोरडे बंदर' झाले. पाण्यावाचूनचे पोर्ट असू शकते, कारण दाराला पाणी लागत नाही. सीमाशुल्काचा अधिकारी आणि रेल्वेचे रूळ असले की पुरे. 'ड्राय हार्बर' असे मात्र कोणी म्हणत नाही. वस्तुतः व्युत्पत्ती पाहता, जमिनीवरचे हार्बर हेच तर मूळचे!

शब्दाची खरी कथा सुरू होते ती त्याच्या क्रियापदापासून. बेघराला घरात घेणे हे ख्रिस्ती धर्मातील दयेच्या कृत्यांपैकी एक मानले गेले आहे, आणि जुन्या इंग्रजीत हे पुण्यकर्म सांगताना 'हार्बर' हेच क्रियापद वापरले जाई. म्हणजे एके काळी ते सद्गुणाचे क्रियापद होते. आज त्याचे कर्म शोधू लागले तर काय आढळते? द्वेष, संशय, आकस, रोगजंतू आणि गुन्हेगार. क्वचित एखादी आशा. पाहुणा, अनाथ किंवा वाटसरू हे त्याचे कर्म जवळजवळ राहिलेलेच नाही. नाम किनाऱ्यावर प्रतिष्ठेने उभे आहे आणि क्रियापद आरोपीच्या पिंजऱ्यात. एकाच शब्दाची अशी फाळणी भाषेत पुष्कळदा होते. पण ती अकारण होत नाही. ज्या समाजात दार उघडणाऱ्याकडे आधी संशयाने पाहिले जाते, तेथे दार उघडण्याचे क्रियापदही संशयित ठरते.

मराठीने हे सारे ओझे एका शब्दावर टाकलेले नाही. मनातील द्वेषासाठी 'बाळगणे' आहे. पण बाळगणे मुळात निर्दोष आहे. आशा बाळगतात, धीर बाळगतात, माणसे पदरी बाळगतात. द्वेष वाईट, बाळगणे नव्हे. डूख धरतात, मनात अढी ठेवतात. वादळवाऱ्यात निवारा मिळतो. अस्थिर मनाला थारा नसतो. दुबळ्याला आसरा देतात, शरणागताला अभय देतात, विद्वानाला राजा आश्रय देतो. आणि जो दोषी आहे, ज्याचा दोष आपल्याला ठाऊक आहे, त्याला शिक्षेपासून वाचवायचे असेल तर त्याला पाठीशी घालतात, किंवा दडवून ठेवतात. या शेवटच्या दोन प्रयोगांत निंदा आहे. त्यापूर्वीच्या एकातही नाही. आसरा देणाऱ्याला मराठी भाषा कधी दोषी धरत नाही. ही केवळ शब्दसंपत्तीची बाब नव्हे. तो पिढ्यान् पिढ्या केलेला नैतिक विवेक आहे.

आता कायद्याकडे पाहावे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत गुन्हेगाराला 'हार्बर' करण्याचा अपराध कलम २१२ मध्ये होता. या शब्दाची व्यापक व्याख्या कलम ५२-अ म्हणून १९४२ साली घालण्यात आली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलात आली. तिच्यात हा अपराध कलम २४९ मध्ये आहे आणि व्याख्या कलम २ मध्ये. व्याख्येचा गाभा तोच राहिला आहे. अटक चुकवता यावी म्हणून एखाद्याला निवारा, अन्न, पेय, पैसा, कपडे, शस्त्रे, दारूगोळा किंवा वाहन पुरवणे, अथवा अन्य कोणत्याही प्रकारे साहाय्य करणे, हे सारे त्यात येते. भाकरी आणि बंदूक एकाच ओळीत बसली आहेत. मूळ अपराध मृत्युदंडाचा असेल तर अशा साहाय्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. सूट फक्त अपराध्याच्या पतीला किंवा पत्नीला. आईला नाही, बापाला नाही, बहिणीला नाही. फरार मुलगा रात्री दारात आला आणि आईने त्याला जेवू घातले, तर ती पत्नी नाही एवढ्याच कारणाने कायद्याची सूट तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

याचा अर्थ कायदा आंधळा आहे असा नव्हे. या कलमात दोन महत्त्वाच्या अटी आहेत. ज्याला साहाय्य केले तो अपराधी आहे हे आरोपीला ठाऊक असले पाहिजे, किंवा तसे मानण्यास त्याला कारण असले पाहिजे. आणि अपराध्याला शिक्षेपासून वाचवण्याचा त्याचा उद्देश असला पाहिजे. म्हणजे गुन्हा जेवू घालण्यात नाही. ज्ञानपूर्वक आणि हेतुपुरस्सर वाचवण्यात आहे. नेमके हेच मराठी 'पाठीशी घालणे' या प्रयोगात सांगते. तरीही मराठी कायदेग्रंथांत आणि पोलिसांच्या कागदांत 'आसरा देणे' हा प्रयोग रूढ झाला. हिंदीने यासाठी 'संश्रय' हा संस्कृतप्रचुर शब्द योजला. तो सामान्य माणसाला कळत नाही, पण निदान दुसऱ्या कोणत्याही अर्थाने तो कळण्याचा धोकाही नाही. मराठीचा शब्द सोपा आहे हे खरे, परंतु त्याने एका सद्गुणाचे नाव गुन्ह्याला दिले.

हा सद्गुण आहे, याची साक्ष नागपूरच्याच इतिहासात आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीची लढाई झाली आणि आप्पासाहेब भोसल्यांची बाजू पडली. काही काळ त्यांना गादीवर राहू दिल्यावर इंग्रजांनी १८१८ मध्ये त्यांना कैद करून अलाहाबादकडे रवाना केले. मे महिन्यात वाटेतूनच ते शिपायाच्या वेशात निसटले. महादेवाच्या डोंगरांतील गोंड सरदारांनी त्यांना थारा दिला. पुढे असीरगडचा किल्लेदार जसवंतराव लाड याने त्यांना आश्रय दिल्याचा इंग्रजांना संशय आला; गडाला वेढा पडला आणि एप्रिल १८१९ मध्ये गड पडला, पण आप्पासाहेब हाती लागले नाहीत. पंजाबात आणि पहाडी मुलखात हिंडून ते अखेर जोधपूरला पोहोचले आणि महामंदिराच्या आश्रयास गेले. इंग्रजांनी त्यांना स्वाधीन करण्याची मागणी केली. राजा मानसिंगाने शरण आलेल्याला सोपवण्यास नकार दिला आणि त्यांची जबाबदारी स्वतःकडे घेतली. १८४० मध्ये आप्पासाहेबांचा अंत जोधपुरातच झाला. कंपनी सरकारच्या दृष्टीने जे 'हार्बरिंग' होते, ते मारवाडच्या राजाच्या दृष्टीने क्षात्रधर्म होते. कृत्य एकच, ते कोणत्या शब्दाने सांगायचे एवढाच प्रश्न.

१९४२ मध्ये हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. दंड संहितेत 'हार्बर'ची व्यापक व्याख्या घालण्यात आली ती ऑगस्टची चळवळ पेटण्यापूर्वी काही महिने. ऑगस्टात चिमूर आणि आष्टी येथे उठाव झाले, अनेक कार्यकर्ते भूमिगत झाले. अच्युतराव पटवर्धन आणि क्रांतिसिंह नाना पाटील १९४६ पर्यंत सरकारच्या हाती लागले नाहीत. ते दिसले नाहीत याचा अर्थ असा की, शेकडो घरांनी त्यांना पाहूनही पाहिले नाही. कोणी माळ्यावर जागा दिली, कोणी रात्रीच्या वेळी ताट वाढले, कोणी अंगावरचे धोतर दिले. निवारा, अन्न, कपडे: कलमातील शब्द नि शब्द या घरांना लागू पडत होता. महाराष्ट्राने मात्र 'भूमिगतांना आसरा दिला' असे म्हणत त्या घरांची आठवण अभिमानाने जपली. स्वातंत्र्यानंतर तोच शब्द आरोपाच्या कागदावर आला, तेव्हा त्याच्यामागची ही सारी पुण्याई कोणाच्या ध्यानात आली नसावी.

यावर असा आक्षेप येईल की, कायद्याला भावनेची भाषा चालत नाही. दरोडेखोरांना ठाव देणारा, खुन्याला आपल्या फार्महाउसवर दडवणारा किंवा आपल्या माणसाला पोलिसांच्या हातून सोडवणारा पुढारी हा काही मानसिंग नव्हे. त्याला शिक्षा झालीच पाहिजे. हा आक्षेप बिनतोड आहे. किंबहुना त्याच कारणासाठी शब्द बदलला पाहिजे. अशा पुढाऱ्याने 'आसरा दिला' असे लिहिले की त्याच्या कृत्याला नकळत दयेची झूल चढते. त्याने गुन्हेगाराला 'पाठीशी घातले', 'दडवले' असे लिहिले की कृत्य उघडे पडते. उलट ज्याने दारात आलेल्या अनोळखी माणसाला पाणी दिले, त्याने पाठीशी घातले असे लिहिण्यापूर्वी लिहिणाऱ्याचा हात क्षणभर थांबतो. तो थांबावा, हेच तर हवे आहे.

हा थांबण्याचा क्षण किती मोलाचा आहे, हे नागपूर खंडपीठाच्या कार्यक्षेत्रातील गडचिरोलीकडे पाहिले म्हणजे कळते. त्या जंगलातील गावांनी कित्येक वर्षे दोन बंदुकांच्या मध्ये दिवस काढले. रात्री सशस्त्र माणसे येत, भात मागत. सकाळी पोलीस येत आणि भात कोणाला दिला ते विचारत. दहशतवादी कृत्यांविरुद्धच्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ मध्ये 'हार्बर' करण्याला किमान तीन वर्षांची आणि अधिकात अधिक जन्मठेपेची शिक्षा आहे. परंतु त्या कलमाच्या आरंभीच स्वेच्छेने हा अर्थ सांगणारा शब्द आहे आणि ती व्यक्ती दहशतवादी असल्याचे ज्ञान असण्याची अटही आहे. बंदुकीपुढे वाढलेला भात स्वेच्छेचा असतो काय? हा प्रश्न न्यायाधीशापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याची माहिती कोणीतरी मराठीत लिहून घेतलेली असते. त्या लिहिणाराने 'आसरा दिला' एवढे दोन शब्द लिहून पूर्णविराम दिला, तर स्वेच्छा, ज्ञान आणि हेतू हे तिन्ही प्रश्न त्या पूर्णविरामात बुडून जातात. आणि त्यांचा निकाल लागेपर्यंत एखाद्या माडिया शेतकऱ्याचे दोन हंगाम तुरुंगात सरतात.

येथे आणखी एका 'हार्बर'शी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ७९ ने संगणकजालावरील मध्यस्थ कंपन्यांना संरक्षण दिले आहे. लोकांनी तेथे काही बेकायदा मजकूर ठेवला तर ठराविक अटींवर कंपनी जबाबदार राहत नाही. या संरक्षणालाच 'सेफ हार्बर' म्हणतात. तेथेही कळीचा मुद्दा ज्ञानाचाच. कंपनीला त्या मजकुराचे ज्ञान झाले असे केव्हा म्हणायचे? सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात सांगितले की, न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना मिळाली म्हणजे. कोट्यवधी लोकांचा मजकूर सांभाळणाऱ्यावर प्रत्येक तक्रारीचा निवाडा करण्याचे ओझे टाकू नये, हा त्यामागील विचार योग्यच आहे. पण जंगलातील ज्या माणसाला दारात आलेल्याचे नावही ठाऊक नसते, त्याच्या ज्ञानाची परीक्षा निदान तितक्याच काटेकोरपणे व्हावी, असे म्हणणे अवाजवी ठरू नये. एकाच शब्दाने कंपनीला अभय मिळते आणि खेडुताला आरोप, ही विसंगती केवळ भाषेची नव्हे.

शब्दांची टांकसाळ चालवण्याचा अनुभव नागपूरला आहे. हे शहर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांतून राज्यकारभार चालवण्याचे ठरले होते. डॉ. रघुवीर यांनी लाहोरची आपली संस्था १९४६ मध्ये येथे आणली आणि पुढील दशकभर येथेच राहून हजारो पारिभाषिक शब्द घडवले. त्यांतील कित्येकांची थट्टा झाली, कित्येक आज बिनदिक्कत वापरले जातात. परंतु त्या उद्योगाने एक गोष्ट शिकवली. परिभाषा केवळ संस्कृत धातूंतून घडत नाही, ती लोकांच्या बोलण्यातही तयार असते. फक्त तिच्याकडे पाहण्याची दृष्टी हवी. 'पाठीशी घालणे' हा शब्द कोणा पंडिताने घडवलेला नाही. तो ओट्यावर बसलेल्या आजीला ठाऊक आहे, आणि नेमका तोच कायद्याच्या कोशात नाही.

कायद्याचा अधिकृत मराठी पाठ बदलणे हे शासनाचे काम आहे आणि त्याला वेळ लागेल. परंतु तोवर बरेच काही करण्याजोगे आहे. शिक्षकाने 'हार्बर' शिकवताना केवळ बंदरावर थांबू नये. एकाच इंग्रजी शब्दासाठी मराठीत निवारा, थारा, आसरा, बाळगणे, दडवणे, पाठीशी घालणे असे किती शब्द आहेत आणि ते का आहेत, हे वर्गात सांगावे. तो भाषेचा तास होईलच, नागरिकशास्त्राचाही होईल. लिपिकाने आणि हवालदाराने एका शब्दात काम उरकू नये. काय दिले, कोणाला दिले, तो कोण हे ठाऊक होते काय, आणि ते कशासाठी दिले, ही चार वाक्ये स्वतंत्र लिहावीत. कागदाची दोन ओळींनी वाढलेली लांबी एखाद्याच्या तुरुंगवासाची दोन वर्षे वाचवू शकते.

अखेर, समुद्र नसला तरी विदर्भाला 'हार्बर' परके नाही. फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी कुटुंबांनी नागपुरात जरीपटका वसवला. पूर्व पाकिस्तानातून उखडलेले बंगाली शेतकरी त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात स्थिरावले. तिबेटमधून परागंदा झालेल्यांची वसाहत १९७२ मध्ये गोठणगावजवळ उभी राहिली, आणि आज ती गोंदिया जिल्ह्यात नांदते आहे. या माणसांना या मुलखाने जे दिले त्याला मराठीत आसरा म्हणतात. तो शब्द त्यांच्यासाठीच राखून ठेवावा. गुन्हेगाराच्या पाठीराख्याला त्यात वाटेकरी करू नये.